डाव्या विंगेतलं बाळ

कावेरी तेंडोलकरचा पॉज फिका पडत चालला होता, आणि ही गोष्ट तिच्याआधी यंत्राच्या लक्षात आली.

"पावणेचार सेकंदांचा होता," समोरचा पडदा तिच्याकडे वळवत वरदा कारखानीस म्हणाली. "ह्या महिन्यात जेमतेम दोन. आणि खांदा हलतच नाहीये, कावेरीताई. हात पदराकडे जातो, पण खांदा आपला ढिम्म."

"खांदा ढिम्म म्हणजे? मी नाटक करतेय की कवायत?"

वरदा मनापासून हसली. अष्टदिशा कंपनीतर्फे करारमदार बघणारी ही मुलगी वाईट नव्हती. 'निम्मा वाटा' हे नाटक तिनं कामाचा भाग म्हणून दोनदा आणि स्वतःच्या हौसेनं सात वेळा पाहिलं होतं. "म्हणूनच सांगतेय ना," ती म्हणाली. "रविवारी शंभरावा. त्या दिवशी जे होईल ते पुढची पंचवीस वर्षं राहणार. तो पॉजच गेला तर नाटकात उरलं काय?"

 ते खरं होतं.

'निम्मा वाटा' तसं साधं दोन अंकी नाटक. वडिलांची लाकडाची वखार, आणि तिच्यातला आपला हिस्सा भावाच्या नावावर करून द्यायला माहेरी आलेली सुमित्रा. दुसऱ्या अंकात भाऊ कागद पुढे करतो आणि म्हणतो, "सही करायला एवढा विचार कसला? तुझं मागे आहे कोण?" संहितेत त्यापुढे दोनच शब्द छापलेत : "कोणी नाही." सुमित्रा ते म्हणते, सही करते, आणि पंधरा मिनिटांनी पडदा पडतो.

पण कावेरी ते दोन शब्द लगेच म्हणत नसे. तिचा डावा खांदा किंचित खाली यायचा, हात पदराशी जायचा, नजर डाव्या विंगेकडे वळायची, आणि मग कुठे, पावणेचार सेकंदांनी, "कोणी नाही." थिएटरात बायका डोळ्यांना पदर लावायच्या. सुमित्राला मूल होतं, ते गेलं किंवा तिनं कुठेतरी ठेवून दिलं, असं प्रेक्षकांनी त्या पॉजवरून आपलं आपण ठरवून टाकलं. लेखकानं असलं काही लिहिलंच नव्हतं. समीक्षकांनी 'आठवणीचा हात' असं त्याचं बारसं केलं, आणि मग लेखकही मुलाखतींतून सांगू लागला, की हे पहिल्यापासून माझ्या मनात होतंच.

खरी गोष्ट अशी, की कावेरी ब्लाउज ओला झालाय का ते बघत होती.

जुई तेव्हा तीन महिन्यांची होती. नाटक दौऱ्यावर, आई दौऱ्यावर, म्हणून मुलगीही दौऱ्यावर. दुसरा अंक सुरू झाला की तिची दुधाची वेळ व्हायची. नाटकाचे व्यवस्थापक बापू घाटे तिला खांद्यावर टाकून डाव्या विंगेत उभे राहायचे, आणि नेमकं त्या वाक्याला पोरगी सूर लावायची. बारीक, दाबलेला, पण आईला ऐकू येईल एवढा. आईचा पान्हा काही संहिता बघून फुटत नाही. छातीत कळ यायची, खांदा आपसूक झुकायचा, हात पदर सारखा करायला जायचा. आणि कावेरी म्हणायची, "कोणी नाही." पुढची पंधरा मिनिटं तिला रंगमंच सोडता येत नसे.

आता जुई अडीच वर्षांची होती. रविवारी आई नाटकाला निघाली की ती बाबाकडून गोष्ट ऐकत बसायची आणि मागे वळूनही बघायची नाही. कावेरी पॉज घ्यायची तो आठवून आठवून. स्वतःचीच नक्कल करावी तसा.

*

छाया म्हणजे काय, हे कावेरीला फारूक इनामदारनं पहिल्या महिन्यात समजावून सांगितलं होतं. फारूक हा कंपनीचा इंजिनिअर, मूळचा साताऱ्याचा, सदानकदा गळ्यात तीन-चार वायरी अडकवलेला.

"चित्रफीत आणि छाया ह्यांत फरक काय, ताई? चित्रफितीला ऐकू येत नाही. छायेला येतं."

प्रयोगाच्या वेळी नटांच्या अंगावर, कपड्यांखाली, बेचाळीस टिकल्या चिकटवलेल्या असत. कुंकवाच्या टिकलीएवढ्याच. कातडीखालच्या स्नायूंत जी हालचाल व्हायच्या बेतात असते, तीही त्यांना कळायची. रंगमंचावर आणि दोन्ही विंगांत बारीक बारीक माइक लावलेले. हे सगळं यंत्राकडे जायचं. यंत्र नटाच्या हालचाली पाठ करत नसे. कशानं काय होतं, ते शिकत असे. प्रेक्षक हसले की हा नट किती थांबतो, कुणी खोकलं की हिचा आवाज किती चढतो, समोरच्यानं वाक्य खाल्लं तर ही सावरून कसं घेते. पन्नाससाठ प्रयोग असे शिकून झाले की त्या नटाची छाया तयार. मग दुसऱ्या गावात रंगमंचावर पाण्याच्या धुरासारख्या तुषारांची एक खोलीच उभी करायची, तिच्यात प्रकाश सोडायचा, आणि त्या तुषारांत सुमित्रा उभी राहायची. मागून बघितलं तर पाठ दिसायची. खामगावात विनोदाला कोणी हसलं नाही तर ती थांबायची नाही, पुढचं वाक्य घ्यायची. अगदी कावेरीनं घेतलं असतं तसं.

सध्या चौदा गावांत 'निम्मा वाटा'चे छायाप्रयोग चालू होते. दौऱ्याची बस कधीच बंद पडली होती. जिवंत प्रयोग तेवढा रविवारी दुपारी, पुण्यात.

एक कायदाही होता, आणि तो नटांनीच भांडून करून घेतलेला होता. सुरुवातीला कंपन्या छायांत मनमानी फेरफार करायच्या. गंभीर नटीला मध्येच नाचवायच्या. म्हणून ठरलं, की शंभरावा जिवंत प्रयोग ही मूळ प्रत. त्या दिवशी भूमिकेवर मोहोर लागायची. नट काय करतो आणि कशामुळे करतो, दोन्ही बंद. त्यानंतर पंचवीस वर्षं कंपनीला त्यात बोट घालता येणार नाही, लेखकाला नाही, नटालाही नाही.

*

"म्हणून आमच्या फारूकनं एक युक्ती काढलीय," वरदा म्हणाली. "रविवारी तुम्ही कानात हा मणी घालायचा. प्रेक्षकांना दिसणार नाही. पॉज आपोआप येईल."

फारूकनं मणी तिच्या तळहातावर ठेवला. मुगाच्या दाण्याएवढा. कावेरीनं तो कानात घातला आणि त्यानं हातातल्या पाटीवर बोट टेकवलं.

तिच्या डाव्या बाजूला एक बाळ रडू लागलं.

कावेरीचा खांदा खाली आला. हात छातीशी गेला. दोन वर्षांत न आलेली कळ छातीतून अशी सरसरत गेली, की तिनं टेबलाची कड धरली.

"बघा!" वरदा पडद्याकडे बघत ओरडली. "चार पूर्णांक एक!"

"हे कोण आहे, फारूक?"

फारूकला प्रश्नच कळला नाही. "तुमचीच जुई की, ताई. चिपळूणचा प्रयोग, अकरावा. तो सगळ्यात स्वच्छ मिळाला."

"हा आवाज तुमच्याकडे कशाला?"

"अहो, तुमची छाया थांबतच नव्हती! वाक्य आलं की लगेच 'कोणी नाही'. आठवडाभर डोकं फोडलं. मग विंगेतले माइक तपासले, तेव्हा कळलं कशामुळे होतंय ते. आता त्या वाक्याला आम्ही छायेच्या कानात हा आवाज सोडतो. बाहेर ऐकू जात नाही."

"सगळीकडे?"

"चौदा गावं. रोज, आणि रविवारी दोनदोनदा."

"किती वेळ रडते ती?"

"पन्नास सेकंद. मग गप्प होते."

"आणि मी काय करते?"

"पावणेचार सेकंद थांबता आणि वाक्य घेता," फारूक कौतुकानं म्हणाला. "एकदासुद्धा चुकलेलं नाही."

*

वरदानं कागद काढून दाखवला तेव्हा तिच्या आवाजात कसलाही खोडसाळपणा नव्हता. प्रवासाची यादी, प्रयोग अकरा ते चौतीस. 'कलाकार' ह्या सदरात सहा नावं. सहावं : कु. जुई मिहिर तेंडोलकर. खाली पालक म्हणून कावेरीची सही.

"करारात आहे बघा. यादीतल्या सर्व कलाकारांचा रंगमंचावरचा आणि विंगेतला आविष्कार. रडणं हा आविष्कार आहे की नाही, ह्यावर तुम्ही कोर्टात जाऊ शकता. पण मोहोर रविवारी लागणार, आणि मोहोर लागलेल्याला कोर्टसुद्धा हात लावत नाही."

"मी रविवारी आलेच नाही तर?"

"तर नव्याण्णवावा प्रयोग मूळ प्रत धरायचा. त्यात पॉज फिका आहे. रडणं मात्र राहणारच, ताई. चौदा छाया त्याच्यावरच उभ्या आहेत." तिनं कागद बाजूला ठेवला. "एक बोलू? इतकं सुंदर आहे ते. जगात सगळीच बाळं रडतात. तुमच्या मुलीनं तीन महिन्यांची असताना एक कलाकृती घडवली. तुम्हाला अभिमान नाही वाटत?"

कावेरीनं मणी कानातून काढला. तो टेबलावर ठेवायचा होता, पण ठेववेना. तिनं तो पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला आणि चेन लावली.

*

बापू घाटे मुलाकडे राहत होते. कावेरी गेली तेव्हा ते टेबलाशी बसून मटार सोलत होते. चौदा गावांची तिकीटविक्री आता यंत्रच बघत होतं, तेव्हा बापूंना मटार सोलायला वेळच वेळ होता.

"कलाकार?" ती म्हणाली. "बापू, कलाकार लिहिलंत?"

"अगं, मग काय लिहू? कंपनीचा नियम होता, बसमध्ये कलाकार आणि तंत्रज्ञ सोडून चिटपाखरू नको. तान्ही पोर तंत्रज्ञ म्हणून लिहू?" बापूंनी शेंग मोडली. "म्हटलं, आवाज तर आहे पोरीला. लिहा कलाकार. तुझ्यासमोर केलंय, तू हसत सही केलीस."

केली होती. सगळे हसले होते. सहाव्या कलाकाराला खिडकीची जागा द्या म्हणून विश्रामकाकांनी, म्हणजे भावाचं काम करणाऱ्या नटानं, स्वतःची जागा सोडली होती.

तिनं बापूंना मण्याचं सांगितलं. चिपळूणचा आवाज, चौदा गावं, सगळं. बापूंचे हात थांबले.

"चिपळूणचा?"

"अकरावा प्रयोग."

"टोचून आणलं होतं तिला आदल्या दिवशी," बापू सावकाश म्हणाले. "अंग तापलं होतं. नुसतं भुकेचं रडणं नव्हतं ते. मी तुला विंगेतून खूण केली होती. ये म्हणून."

कावेरीनं समोरची एक शेंग उचलली.

"तू बघितलंस माझ्याकडे. मग वाक्य घेतलंस." बापूंनी मटाराचे दाणे भांड्यात सोडले. "मी तुला दोष नाही देत हो. आठशे माणूस समोर बसलेलं. मी तरी काय केलं असतं? पण मला ते विसरता येत नाही, एवढं खरं."

तिलाही विसरता आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा लोक रडले होते. मेकअप रूममध्ये लेखकानं तिचे हात हातात घेतले होते, आणि तिनं मान डोलावत, दुसऱ्या हातानं जुईचं तापलेलं कपाळ चाचपलं होतं. त्यानंतर तो पॉज पाठ झाला. प्रयोगामागून प्रयोग ती थांबली, बघितलं, आणि गेली नाही.

*

"मग पॉज घेऊच नकोस," मिहिर म्हणाला. तो शाळेत गणित शिकवत असे आणि कुठल्याही गोष्टीचा गुंता आधी बाजू मोजून सोडवायला बघे. "रविवारी वाक्य आलं की धाडकन 'कोणी नाही'. संपलं. त्यांची कलाकृती गेली उडत."

"रडणं जात नाही ना त्यानं. ती रडेल, आणि मी बघणारसुद्धा नाही. पंचवीस वर्षं."

"ती नाही गं, आवाज आहे तो. जुई इथे आहे." जुई खरंच तिथे होती, पोळीचा गोळा टेबलाला चिकटवत. "तिला थोडंच कळतंय?"

तरी जीव थाऱ्यावर नव्हता. कावेरी कपडे वाळत घालताना थांबायची, घड्याळ बघायची. अकरा वाजता इचलकरंजी. चारला नांदेड. दुसऱ्या अंकाची वेळ मनातल्या मनात मिळवायची आणि त्या मिनिटाला हातातला चिमटा तसाच धरून उभी राहायची. आता. आता रडत असेल.

गुरुवारी ती जुईला घेऊन चिंचवडच्या छायाप्रयोगाला गेली. सकाळचा, महिला मंडळांसाठीचा खेळ. फारूकनं दोघींना नियंत्रणाच्या खोलीत बसवलं. काचेपलीकडे रंगमंच, आणि टेबलावर एक लहानसा स्पीकर. छायेच्या कानात जे जातं ते त्याच्यावर ऐकू यायचं.

"आई!" जुईनं काचेला नाक लावलं. मग मागे वळून बघितलं. "दोन आई!"

"ती खोटी," फारूक म्हणाला.

"नाही. ती पण आई." जुईला काही त्यात वावगं वाटलं नाही. तिनं खाऊचा डबा उघडून मुरमुरे खायला घेतले.

दुसरा अंक लागला. भावानं कागद पुढे केला. तुझं मागे आहे कोण? आणि स्पीकरमधून बाळ रडू लागलं.

जुईचा हात डब्यात थांबला. "बाळ रडतंय."

"हो."

"कुठलं बाळ?"

 काचेपलीकडे सुमित्राचा खांदा झुकला, हात पदराशी गेला, नजर डाव्या विंगेकडे वळली. खाली प्रेक्षागृहात कुणीतरी नाक ओढलं. मग आवाज आला, शांत, कोरडा : "कोणी नाही." स्पीकरमधलं बाळ रडतच होतं.

"ती आई का नाही जात?" जुई म्हणाली.

"तिचं काम चाललंय, राणी."

"तिला ऐकू आलं ना. तिनं बघितलं." जुई आता उभी राहिली होती. "आई, तिला सांग. बाळाला घे म्हण."

पन्नास सेकंद झाले. रडणं तुटलं. फारूक पाटीवर उगीचच काहीतरी चाळत बसला होता.

*

रविवारी साडेचारच्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. मोहोर लागली की जिवंत प्रयोग बंद, म्हणून जिवंत माणसांचा हा शेवटचा खेळ बघायला लोक लांबून आले होते. पहिल्या रांगेत बापू, इस्त्रीचा सदरा घालून. जुई घरी, बाबाजवळ. तिला आणायचं नाही, हे कावेरीनं पक्कं ठरवलं होतं. पुन्हा तिचा श्वासदेखील त्या माइकांना मिळायला नको होता.

टिकल्या लावताना फारूकनं विचारलं, "मणी घातलाय ना, ताई?"

"घातलाय."

पहिला अंक नेहमीसारखा गेला. मध्यंतरात कावेरीनं चहा घेतला नाही. दुसऱ्या अंकात विश्रामकाका कागद घेऊन पुढे आले.

"सही करायला एवढा विचार कसला? तुझं मागे आहे कोण?"

कानात बाळ रडलं. खांदा झुकला, हात गेला, मान वळली. वरदा विंगेच्या तोंडाशी उभी होती, हात जोडल्यासारखे हनुवटीखाली धरून. एक सेकंद, दोन, तीन. सगळं नाट्यगृह त्या दोन शब्दांसाठी पुढे झुकलं.

कावेरी चालू लागली.

भावाला वळसा घालून, टेबल ओलांडून, ती सरळ डाव्या विंगेत गेली. वरदा बाजूला झाली नसती तर धक्का लागला असता. तिथे काहीच नव्हतं. नेपथ्याची एक फळी, पाण्याची बाटली, अंधारा कोपरा. बापू उभे राहायचे तो कोपरा. कावेरी तिथे वाकली आणि तिनं तीन महिन्यांचं बाळ उचललं.

आदल्या दिवशी ती सबंध दुपार साडेपाच किलो तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन घरात फेऱ्या मारत होती. मिहिरनं एकदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. अडीच वर्षांच्या मुलीची सवय झालेले हात, त्यांना ते हलकेपण पुन्हा आठवायला हवं होतं. मानेखाली आधी हात घालायचा. मग पाठीखाली. मग छातीशी.

"आले गं," ती म्हणाली. "आले. आले."

बेचाळीस टिकल्या ऐकत होत्या. बाहेर रंगमंच रिकामा होता. विश्रामकाका कागद हातात धरून उभे. दहा सेकंद प्रेक्षक गप्प राहिले. मग खुर्च्या करकरल्या, कुणी कुजबुजलं, कुणी दबक्या आवाजात म्हणालं, "काय झालं हो?" "ताई!" वरदा ओठ न हलवता म्हणत होती. "ताई, जा! जा ना!" कावेरी थोपटत राहिली. रडणं आपल्या घेण्यानं थांबणार नाही, तो आवाज पन्नास सेकंदांचाच आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही ती थोपटत राहिली. ते चढलं, अडखळलं, उतरलं. एक उसासा आला. मग कानात काही उरलं नाही.

तिनं ते खाली ठेवलं, हळू, उठणार नाही अशा बेतानं, आणि रंगमंचावर परत आली.

विश्रामकाकांनी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली होती. त्यांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, आणि वाक्य पुन्हा टाकलं. ह्या वेळी हलक्या आवाजात. "तुझं मागे आहे कोण?"

"आहे," कावेरी म्हणाली.

कागद त्यांच्या हातात जरा खाली आला. "मग... सही?"

"नाही करत, दादा."

उरलेली पंधरा मिनिटं त्या दोघांनी जे हाताशी होतं त्यावर ओढून नेली. काही वाक्यं जुनीच राहिली आणि त्यांचा अर्थ पार बदलला. काही पडली. भाऊ एकदा रडला, जो संहितेत कधीच रडत नाही. वखारीचा कागद टेबलावर कोराच राहिला, आणि पडदा पडला. टाळ्या आल्या, पण एकसंध नाही, इकडून तिकडून. मागून कुणीतरी शिट्टी मारली. कौतुकाची की रागाची, कळलं नाही.

"प्रयोग पूर्ण झाला," फारूक पाटीकडे बघत म्हणाला.  "मोहोर लागली."

वरदाचे डोळे भरले होते. "तुम्हाला कळतंय का काय केलंत ते? लोक त्या एका पॉजसाठी यायचे. मी नऊ वेळा... ते माझंपण होतं, कावेरीताई. तुम्ही सगळ्यांचं मोडलंत."

कावेरीला तिचा राग आला नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. "हो," ती म्हणाली. "मोडलं."

कंपनीचं पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. ह्यापुढे अष्टदिशाच्या कुठल्याही नाटकात काम नाही, आणि अष्टदिशाचं नसलेलं नाटक आता शोधूनच काढावं लागलं असतं. लेखकाचा फोन आला. आधी तो भरपूर चिडला, मग त्यानं चाचरत विचारलं, की शेवटी लोक रडले का.

*

मंगळवारी ती दुधाचा पेला घेऊन जुईच्या मागे घरभर फिरत असताना फारूकचा फोन आला.

"ताई, मिरजेत आहे. दुसरा अंक लागलाय. तुम्ही बोलू नका, नुसतं ऐका." त्यानं फोन स्पीकरजवळ धरला असावा. खरखर झाली. मग भाऊ म्हणाला, तुझं मागे आहे कोण?

बाळ रडलं.

कावेरी पेला धरून उभी राहिली. एक, दोन, तीन. मग पावलं. बांगड्यांचा बारीक आवाज. आणि तिचाच आवाज, तिच्यापासून दूर, तुषारांच्या काठाशी कुठेतरी : "आले गं. आले. आले."

"घेतलं तिनं," फारूक कुजबुजला.

"लोक?"

"चुळबुळ चाललीय. चार जण उठून गेले. एक आजीबाई उभ्या राहून विंगेत डोकावायला बघतायत, त्यांना कुणी खाली बसवू शकत नाहीये."  रडणं उतरत चाललं होतं. "सहाला परभणी, ताई. मग उद्या..."

"माहितेय मला."

"तिथेही जाईल ती. आता कुणाला थांबवता येणार नाही तिला."

आधीचे सगळे प्रयोग तसेच मागे राहिले होते. त्यांतल्या एकातही ती बाळाकडे गेली नव्हती, आणि ते आता कुठल्याच मोहोरेनं बदलणार नव्हतं. फोनमध्ये बाळानं उसासा टाकला. समोर जुई पडद्यामागे लपून, पाय बाहेर ठेवून, सापडायची वाट बघत होती.

"ठेवते, फारूक," ती म्हणाली. "मला जायचंय."